उंबरगावची अयोध्या

नवापूर स्टेशनावर एक बाक आहे. त्याच्या मधोमध रेघ मारलेली आहे आणि रेघेच्या एका अंगाला महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला गुजरात असं लिहिलेलं आहे. फलाटच दोन राज्यांत पसरलाय. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. घोषणा चार भाषांत होतात. गाडी थांबली की बाहेरगावची माणसं धावत उतरून त्या बाकावर अर्धी इकडे, अर्धी तिकडे बसतात आणि फोटो काढून घेतात. आम्हा नंदुरबारकडच्यांना त्याचं फारसं कौतुक नाही. आमच्याकडे आजारी माणूस सुरतेला नेतात, लग्नाचा बस्ता सुरतेत बांधतात, कोयता घेऊन उसाच्या तोडीला बारडोलीकडे जातात. रेघ ओलांडली हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी तो बाक मागे टाकून सुरतेला गेलो, तिथं गाडी बदलली आणि वलसाड, वापी, भिलाड, संजाण करत उंबरगाव रोडला उतरलो. निघताना आईनं विचारलं होतं, तिथं आपलं कोण आहे? म्हटलं, कोणी नाही, रामायण जिथं काढलं ते गाव पाहून येतो. टीव्हीवरचं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नारय लई जाय." पिशवीत नारळ आला.

तिच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. २५ जानेवारी १९८७ च्या रविवारी सकाळी साडेनऊ वाजता दूरदर्शनवर रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू झालं, तेव्हाही नारळ तिनंच फोडला होता. आमचं गाव तळोदा तालुक्यातलं. गावात टीव्ही मोजून तीन, त्यातला आमच्या जवळचा पाटलांच्या ओसरीत. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची. एक पोरगा धाब्यावर चढून अँटेना धरून उभा राहायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "उनं, उनं... गयं!" पडद्यावर मुंग्या माजल्या की बायका त्यालाच शिव्या द्यायच्या. टीव्हीला हळदकुंकू, हार, उदबत्ती, चपला बाहेर. हे देशभर झालं आणि त्यावर भरपूर लिहूनही झालं आहे. लिहिलं गेलं नाही ते बसण्याच्या जागांबद्दल. ओसरीत कोण, अंगणात कोण आणि पाड्यावरून आलेल्यांनी खिडकीच्या गजांतून पाहायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं, तरी ते दीड वर्ष, ७८ भाग, जराही चुकलं नाही. ३१ जुलै १९८८ ला मालिका संपली तेव्हाही खिडकीतले खिडकीतच होते.

एक प्रश्न त्या दीड वर्षात आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नाही, की हे गाव कुठलं? अयोध्या अयोध्येत असणार, लंका लंकेत. ती अयोध्या, तो दंडकारण्याचा भाग आणि ती सोन्याची लंका एकाच आवारात, अरबी समुद्राच्या काठी, पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उभी होती, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. कळलं तेव्हा हसू आलं. मग राग आला. राग का आला ते सांगण्यासाठी जरा मागे जावं लागेल.

मराठी वाचकाला उंबरगाव हे नाव टीव्हीमुळे कळायची गरज नव्हती. ते गोदावरी (गोदूताई) परुळेकरांनी आपल्या पुस्तकात सांगून ठेवलं होतं. डहाणू आणि उंबरगाव हे ठाणे जिल्ह्याचे दोन तालुके म्हणजे वारल्यांची वेठ. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि त्यापायी नवरा-बायकोनं जन्मभर, कधी पुढच्या पिढीनंही, त्याच्याकडे राबायचं. अशा माणसाला नावच होतं, लग्नगडी. २३ मे १९४५ ला उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारली जमले आणि वेठ करणार नाही, लग्नगडी राहणार नाही असं लाल बावट्याखाली ठरवून उठले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, गोदूताईंच्या जिवाला धोका आहे अशी खोटी आवई उठवून लोकांना तलवाड्याला गोळा केलं गेलं आणि त्या जमावावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड तिथं पडला. हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आहे. १९७० मध्ये आलेल्या या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्यामुळे ते कुठं कोपऱ्यात पडलं होतं असंही म्हणता येत नाही.

शहाद्याकडच्या माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही. सालदारकी, हडपलेल्या जमिनी, आणि मग अंबरसिंग सुरतवंतींच्या पुढाकारानं उभी राहिलेली चळवळ आणि १९७२ ची श्रमिक संघटना. आमच्या तापीकाठची गोष्ट पंचवीस-सत्तावीस वर्षांनी तीच वाट चालली. पण उंबरगावचं आणि आमचं नातं याहून जास्त कागदोपत्री आहे.

१ मे १९६० ला मुंबई राज्याची दोन राज्यं झाली. त्यासाठी जो कायदा झाला त्याच्या तिसऱ्या कलमात गुजरातला काय काय जाणार याची यादी आहे. मोठे जिल्हे नावानिशी आहेत. त्यांच्यापुढे ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली गावं, पश्चिम खानदेशच्या नवापूर आणि नंदुरबार तालुक्यांतली गावं आणि अक्कलकुवा व तळोदा तालुक्यांतली गावं, असे तीन गट एका दमात येतात. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्यांचे तीन भाग पाडलेत. एकाच लेखणीनं, एकाच पानावर. उंबरगावच्या मागे आम्ही. आमच्याकडची निझर, उच्छलची गावं गेली; त्यातली काही पुढे उकाई धरणाच्या पाण्याखाली गेली, म्हणजे आधी राज्य बदललं आणि मग जमीनच नाहीशी झाली. उंबरगाव गेलं, तालुक्याचा उरलेला तुकडा तलासरी म्हणून इकडे राहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेत डांग आणि उंबरगावची नावं बेळगाव, कारवारच्या बरोबरीनं घेतली जायची. बेळगाव, कारवार अजून घेतात. उंबरगाव कधी गळालं ते कळलंही नाही. (निझर तर घोषणेत कधी नव्हतंच.)

ही रेघ आणि ती मालिका यांचा संबंध नुसता योगायोगाचा आहे असं मला वाटत नाही. नवं राज्य झाल्यावर गुजरात सरकारनं गुजराती चित्रपटाला हात द्यायचं ठरवलं. १९७० च्या दशकात करमाफी आणि अनुदान यांमुळे तिकडे चित्रपट भराभर निघू लागले. १९७१ चा 'जेसल तोरल' तुफान चालला. कलाकार, कॅमेरे, प्रयोगशाळा सगळं मुंबईत, आणि सवलती गुजरातच्या. अशा वेळी मुंबईहून रेल्वेनं दीडशे किलोमीटरच्या आत, पण रेघेच्या पलीकडे, समुद्रकाठी स्वस्त जमीन असलेलं गाव कुठलं? नकाशावर बोट ठेवलं तर ते उंबरगाववरच पडतं. तिथं वृंदावन स्टुडिओ उभा राहिला. गुजराती पौराणिक आणि लोककथांवरच्या चित्रपटांसाठी राजवाडे, देवळं, अंगणं तिथं तयार होती, आणि सागरांना हवं होतं तेही तेच. उंबरगाव महाराष्ट्रात राहिलं असतं तर तिथं कदाचित चिकूची वाडी असती, पाच-सात मैलांवरच्या घोलवडसारखी. हा माझा तर्क आहे, पण खोडून दाखवायला कठीण.

रावणसुद्धा त्याच चित्रपटांतून आला. अरविंद त्रिवेदी हे गुजराती रंगभूमीचं आणि पडद्याचं मोठं नाव, 'जेसल तोरल'चे नायक उपेंद्र त्रिवेदी त्यांचे भाऊ. मराठी माणसं त्या सेटवर कमी नव्हती. दशरथ बाळ धुरी आणि कौसल्या जयश्री गडकर, प्रत्यक्षातही नवरा-बायको. भरत संजय जोग. मंथरा ललिता पवार, येवल्याच्या. आमच्याकडे ज्या म्हाताऱ्यांनी 'सांगत्ये ऐका' यात्रेच्या तंबूत जमिनीवर बसून पाहिला होता, त्यांना गडकरबाई रामाची आई झालेल्या पचायला दोन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी तेही हात जोडून बसले.

कामाची तऱ्हा आजच्या पोराला सांगितली तर खोटी वाटते. धुकं हवं तर धूप पेटवायचा, ढग हवे तर कापूस पिंजायचा. प्रक्षेपण चालू असतानाच पुढचे भाग तयार होत होते आणि कधी कधी कॅसेट अगदी तोंडावर दिल्लीत पोचत असे. मुंबईहून कलाकार यायचे, एका दमात बरेच दिवस राहून चित्रण उरकायचं, जायचं, पुन्हा यायचं. सेटवर बसगाड्या भरून माणसं दर्शनाला यायची आणि मुकुट घातलेल्या नटाच्या पाया पडायची. म्हणजे उंबरगाव पाहायला लोक तेव्हाही येत होते, फक्त उंबरगाव पाहत नव्हते.

१९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून 'गीत रामायण' सुरू झालं. ५६ गाणी, वर्षभर. माडगूळकर आणि फडके यांनी महाराष्ट्राला रामकथा दिली ती कानांतून दिली. त्या अयोध्येला बांधकाम नव्हतं. कोल्हापूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे तिचा चौक कोल्हापूरसारखा असेल, नंदुरबारच्या माणसापुढे नंदुरबारसारखा. १९८७ नंतर ती सोय राहिली नाही. अयोध्येला ठरावीक खांब आले, ठरावीक रंग आला, रामाला ठरावीक हसू आलं. इतिहासकार रोमिला थापर यांनी १९८९ मध्ये याबद्दल लिहिलं होतं: शेकडो रामकथांच्या देशात सरकारी वाहिनीवरून एकच कथा प्रमाण ठरू लागते तेव्हा बाकीच्यांचं काय होतं? त्यांना बऱ्याच लोकांनी तेव्हा मोडीत काढलं. मीही त्यातला एक होतो, कॉलेजात, वाद घालायला मजा यायची म्हणून.

बाकीच्या कथा म्हणजे काय हे मला डांगानं शिकवलं. नवापूरहून डांगाचं जंगल हाकेच्या अंतरावर. सुबीरला शबरीचं ठिकाण आहे, तिथून जवळ पंपा सरोवर दाखवतात. दुसऱ्या बाजूला नाशिकला पंचवटी. म्हणजे लोकांच्या श्रद्धेतलं दंडकारण्य आमच्या दाराशी, साग, खैर, मोहाचं, पानगळीत तांबडं होणारं. आणि टीव्हीवर दंडकारण्य म्हणून आम्ही पाहत होतो ती उंबरगावातल्या आवारात मांडलेली झाडं. खिडकीतून पाहणाऱ्या भिल्ल बाईनं शबरीची बोरं पाहिली, ती कुणीतरी बाजारातून आणलेली. बोरं कुठल्या झाडाची गोड आणि कुठल्या झाडाची तुरट हे तिला सेटवरच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. तिला कुणी विचारणार नव्हतं.

भिल्लांच्या स्वतःच्या रामकथा आहेत. साबरकांठ्यात खेडब्रह्माकडच्या डुंगरी भिल्लांची 'रोम-सीतमा नी वारता' भगवानदास पटेल यांनी वर्षानुवर्षं डोंगरांत फिरून ध्वनिमुद्रित केली आणि लिहून काढली. रात्ररात्र तंबुऱ्यावर गायची गोष्ट, लोक भोवती शेकोटी करून बसलेले. त्यातली सीता शेतात राबते, घर सांभाळते, आणि कथेची वळणं वाल्मीकीला विचारून घेतलेली नाहीत. आता गंमत पाहा. १९९१ च्या लोकसभेत याच साबरकांठ्यातून अरविंद त्रिवेदी निवडून गेले आणि बडोद्यातून दीपिका चिखलिया. रावण आणि सीता एकाच पक्षाच्या बाकांवर. खेडब्रह्माच्या गायकाला आपला खासदार पडद्यावरचा रावण आहे हे माहीत होतं. खासदाराला गायकाची रामकथा माहीत होती की नाही, कुणास ठाऊक.

उंबरगाव रोडला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. स्टेशनापासून गाव पाचेक किलोमीटर. मध्ये कारखाने, गोदामं, कंटेनर. शेअर रिक्षावाल्यानं न विचारताच ओळखलं. "नवा सेट पर जवुं छे के जूना स्टुडियो?" कारण आता उंबरगावात पुराणांचा धंदाच झालाय. २०१३ चं 'महाभारत' इथंच उभारलेल्या मोठ्या सेटवर झालं, नंतर 'राधाकृष्ण'. हस्तिनापूर, गोकुळ, द्वारका, सगळे पत्ते एका तालुक्यात. एका सेटच्या फाटकाशी गेलो. पहारेकऱ्यानं आधी माझ्या मोबाइलकडे पाहिलं, मग हातानं लांब हो म्हणून खूण केली. भिंतीवरून एका गोपुराचा फायबरचा कळस दिसत होता. त्याच्यावर कावळा बसला होता, एवढं दर्शन झालं.

"जुन्यात काय बघाल?" रिक्षावाला आता मराठीत आला होता, त्याच्या तिकडच्या मराठीत. "आम्ही बघितलं ते तुम्हाला दिसायचं नाही."

तो तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. शाळा बुडवून कुंपणाला लटकायचा. एका दिवशी त्यानं दशरथाला चहा पिताना आणि एका दिवशी रावणाला खुर्चीत झोपलेलं पाहिलं होतं. रावणाच्या तोंडावर माशा बसत होत्या आणि कुणाची हाकलायची छाती होईना. "आणि माझा काका वानरसेनेत होता."

"कुठल्या भागात? दिसतो?"

"मागच्या रांगेत आहे. दिसतो म्हणजे... तोंडं सगळ्यांची एकच होती ना."

समुद्रावर गेलो. ओहोटी होती. पाणी इतकं मागे गेलेलं की मधला राखाडी चिखल मैदानासारखा पसरलेला, त्यावर दोन होड्या कलंडलेल्या, मागे सुरूची रांग. उत्तरेला थोड्या अंतरावर नारगोळ, आत संजाण, जिथं पारशी पहिल्यांदा उतरले आणि तिथल्या राण्यानं पाठवलेल्या दुधात विरघळवलेल्या साखरेची गोष्ट सांगतात. म्हणजे या किनाऱ्याला बाहेरून येऊन आपली गोष्ट मांडणारी माणसं नवी नाहीत. पारशांनी निदान संजाणला स्तंभ उभारला.

उंबरगावातही पुतळा व्हावा, रामायण-नगरी व्हावी, तिकीट लावावं अशा मागणीचा मी नाही. तसलं आपण इकडे पाहिलंय. 'रात्रीस खेळ चाले'नंतर सावंतवाडीजवळच्या आकेरीचा वाडा पाहायला गाड्या भरून लोक जाऊ लागले, 'तुझ्यात जीव रंगला'नंतर कोल्हापूरच्या वसगड्याला. गर्दी येते ती पात्राच्या घराशी फोटो काढते, भजी खाते, कागद टाकते आणि जाते. गाव तेवढ्या वेळापुरतं पार्किंग होतं. मालिका उतरली की दोन वर्षांत दुसरं गाव.

माझं म्हणणं वेगळं आणि कमी खर्चाचं आहे. १९६० ला ज्यांनी रेघ मारली त्यांनी उंबरगावकडे परिशिष्टातला एक भाग म्हणून पाहिलं. १९८७ ला ज्यांनी कॅमेरा लावला त्यांनी मोकळी जागा म्हणून पाहिलं. दोघांचंही काम चोख झालं. पण झरीच्या माळावर वेठीला नाही म्हणणाऱ्या वारल्यांची मुलं-नातवंडं त्या सेटच्या आसपासच राहत होती. खांब उभे केले ते कुठल्या तरी सुतारांनी, जेवण रांधलं ते कुठल्या तरी बायकांनी, मागच्या रांगा भरल्या त्या याच गावांनी. देशाच्या दृश्य-इतिहासातल्या सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या कामांपैकी एक इथं झालं, आणि इथल्या माणसांनी त्यात काय केलं याची साधी वहीसुद्धा कुठं नाही. सागर २००५ मध्ये गेले, त्रिवेदी २०२१ मध्ये. नटांच्या मुलाखती ढिगानं आहेत, २०२० नंतर तर जास्तच. सुतारांच्या नाहीत. तेव्हा पंचवीस-तिशीचा असलेला माणूस आज साठी ओलांडून गेलाय. भगवानदास पटेलांनी गायकांकडून जे करून घेतलं ते इथं एखाद्या कॉलेजच्या मराठी आणि गुजराती विभागांनी मिळून एका सुट्टीत करता येईल: मोबाइल चालू करायचा आणि समोरच्याला बोलू द्यायचं.

आमच्याकडचं उलटं उदाहरण देतो. शहादा तालुक्यातलं टेंभली. २९ सप्टेंबर २०१० ला पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथं आले आणि देशातली पहिली आधार कार्डं वाटली. एका दिवसात गावात देशातल्या सगळ्या वाहिन्यांच्या गाड्या. तेव्हापासून वर्षाच्या वर्षाला कोणीतरी पत्रकार जाऊन विचारतो, आधारनं तुमचं काय बदललं? उत्तर तेच मिळतं, बातमी तीच होते. टेंभलीचं निदान नाव तरी लागलं. उंबरगावचा चेहरा साऱ्या देशानं पाठ केला आणि नाव कुणी विचारलं नाही.

२८ मार्च २०२० ला टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा लागलं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. १६ एप्रिलला एका दिवसात ७.७ कोटी लोकांनी पाहिलं असं प्रसार भारतीनं जाहीर केलं. माझ्या पुतण्यानं ते मोबाइलवर पाहिलं आणि बाण हवेत एकमेकांना थांबून भिडतात याला तो पोट धरून हसला. आईनं त्याला दटावलं. त्याच दिवसांत सुरत-धुळे महामार्गावरून आमची माणसं चालत घरी येत होती. उसाच्या फडावरून, सुरतेच्या कारखान्यांतून, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. नवापूरच्या सीमेवर नाकं लागलं होतं. एरवी फक्त बाकावर असलेली रेघ रस्त्यावर आली होती, पोलिसांच्या बॅरिकेडसकट. मी आणि गावातली काही पोरं पाण्याचे पाऊच आणि भाकरी घेऊन जायचो. एकदा रात्री नऊला एका ढाब्याच्या मागच्या खोलीतून त्या मालिकेचं शीर्षकगीत ऐकू आलं. रस्त्यावरच्या एका बाईनं चालता चालता पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि पुढे निघाली. ती कुठली होती ते विचारायचं राहिलं. अंधार होता आणि मागून लोक येत होते.

रिक्षावाल्याला म्हटलं, तुझे काका आहेत का अजून? म्हणाला, आहेत, मोतीबिंदू काढलाय, पण घरीच असतात. गावाच्या कडेला, वाळत घातलेल्या बोंबलांच्या बांबूंमागे घर. काका अंगणात जाळं शिवत बसले होते. मी रामायणाचं काढलं तसं त्यांनी मान हलवली, जणू कुणी दूरच्या नातेवाइकाची चौकशी करतंय. रामाबद्दल त्यांना काही सांगायचं नव्हतं. उन्हाबद्दल होतं. मुखवट्याच्या आत घाम डोळ्यांत उतरायचा आणि पुसायला हात आत जायचा नाही. गदा हलकी असायची, ती जड आहे असं दाखवावं लागायचं. आणि सारखं कोणीतरी ओरडायचं, शेपटी सांभाळा, भाड्याची आहे.

"लंकेत गेलात?"

"त्या भिंतीपर्यंत," काकांनी सुईनं दिशा दाखवली. "मग जेवायची सुट्टी झाली."

झरीचं नाव काढून पाहिलं. सुई थांबली. त्यांच्या आईच्या माहेरचा कोणी त्या सभेला गेला होता. परत आला तेव्हा त्यानं डोक्याला लाल फडकं बांधलं होतं, आणि सावकाराचा माणूस दारात आला तरी त्यानं ते काढलं नाही, असं आई सांगायची. एवढंच. पुढचं आठवत नव्हतं. मी लिहून घेतलं.

निघताना पिशवीतला नारळ आठवला. कुठं फोडायचा हा प्रश्न सकाळपासून होता: स्टुडिओच्या फाटकाशी, की समुद्रात सोडायचा? आईनं दिलाय म्हणून काकांच्या पुढे ठेवला. त्यांनी तो उचलला, कानाशी नेऊन हलवून पाहिला, पाणी आहे याची खात्री केली आणि सुनेला हाक मारली.